गुडघा नवा, पण जोर आपलाच!



हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत हळद मोठ्या प्रमाणावर पिकते. हळद काढणीच्या दिवसांत एखाद्या शेतावर गेलात, तर गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून वेगळी करणाऱ्या बायांची रांग तुम्हाला दिसेल. तास न् तास उकिडवे बसून हे काम चालते. काम संपल्यावर त्या कशा उठतात, हे नीट पाहा. तरुण मुली सहज उठून चालू लागतात. वयस्कर बाया मात्र एक हात जमिनीवर टेकतात, दुसरा हात गुडघ्यावर दाबतात आणि मग हळूहळू उभ्या राहतात. काहींना दुसऱ्या कोणीतरी हात द्यावा लागतो.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, तर हे दृश्य तुम्हाला नवे नाही. गुडघा फारच झिजला, की डॉक्टर तो बदलण्याचा सल्ला देतात. मग नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरते. ती तारीख येईपर्यंत बहुतेक घरांत एकच उपदेश ऐकू येतो : "आता गुडघ्याला त्रास देऊ नका. स्वस्थ पडून राहा."

हा उपदेश मायेपोटी केलेला असतो, परंतु बहुधा तो चुकीचा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे सहा-आठ आठवडे मांडीच्या स्नायूंना बळकटी आणण्यासाठी वापरावेत, असे आज अनेक तज्ज्ञ सांगतात. दुखणाऱ्या गुडघ्याला व्यायाम कशासाठी? याचे उत्तर शोधण्यासाठी शाळेत शिकलेला तरफेचा नियम आपल्याला पुरेसा आहे.

गुडघ्याची तरफ

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेली असतात. दोन्ही हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते आणि त्यांच्यामध्ये वंगणासारखा द्रव असतो. पुढच्या बाजूला गुडघ्याची वाटी असते. मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा एक मोठा गट आहे. त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. हे चारही स्नायू खाली एकत्र येऊन वाटीला जोडले जातात. वाटीपासून निघालेला एक जाड पट्टा पुढे नडगीच्या हाडाला घट्ट चिकटतो. स्नायू आकसला, की वाटी वर ओढली जाते, पट्टा ताणला जातो आणि पाय सरळ होतो.

म्हणजे ही एक तरफच झाली. सांधा हा तिचा टेकू. स्नायूचे बल टेकूपासून जेथे लागते ते अंतर, म्हणजे बलभुजा, अवघी ४ सेंटिमीटर आहे. उलट ज्या भाराला उचलायचे, तो टेकूपासून बराच लांब असतो. बलभुजा आखूड आणि भारभुजा लांब असल्यामुळे स्नायूला भाराच्या कितीतरी पट बल लावावे लागते. ही तिसऱ्या प्रकारची तरफ होय. अशा तरफेत बलाचा तोटा होतो, पण गतीचा फायदा होतो. स्नायू थोडासाच आकसला, तरी पाऊल बरेच अंतर कापते. धावणे आणि उडी मारणे त्यामुळेच शक्य होते.

खुर्चीतून उठण्याचे गणित

आता एक ढोबळ हिशेब करू. समजा, आजींचे वजन ६० किलोग्रॅम आहे. खुर्चीवरून उठताना गुडघ्याखालचे पाय जमिनीवर उभेच असतात. उचलायचा असतो तो गुडघ्यावरचा भाग. त्याचे वजन सुमारे ५२ किलोग्रॅम होईल. दोन गुडघ्यांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २६ किलोग्रॅम.

आजी थोड्या पुढे वाकून उठू लागल्या, की या भागाचा गुरुत्वमध्य गुडघ्याच्या सुमारे २० सेंटिमीटर मागे असतो असे धरू. आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर.

२६ × २० = ५२० किलोग्रॅम-भार सेंटिमीटर.

हे आघूर्ण स्नायूला ४ सेंटिमीटरच्या भुजेवर तोलायचे आहे. म्हणून स्नायूचे बल ५२० ÷ ४ = १३० किलोग्रॅम-भार. एका गुडघ्याचा स्नायू १३० किलोग्रॅम-भार इतक्या बलाने ओढतो, तेव्हा कोठे आजी खुर्चीतून उठतात! ज्वारीचे भरलेले पोतेही याहून हलके असते.

हा पट्टा नडगीच्या हाडाला साधारण समांतर ओढतो. म्हणून सांध्यावर १३० अधिक वरून येणारे २६, असा सुमारे १५६ किलोग्रॅम-भार इतका दाब पडला पाहिजे. हे कागदावरचे गणित झाले. प्रत्यक्ष मापन काय सांगते? बर्लिनमधील संशोधकांनी बलमापक यंत्रणा बसवलेले कृत्रिम गुडघे काही रुग्णांना बसवले. गुडघ्यावरील दाबाची माहिती रेडिओलहरींनी बाहेर मिळत असे. २०१० साली त्यांनी पाच रुग्णांची मापने प्रसिद्ध केली. खुर्चीवरून उठताना एका गुडघ्यावर सरासरीने शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट दाब पडत होता. ६० किलोच्या माणसाला तो १५० किलोग्रॅम-भार होईल. आपला ढोबळ हिशेब फारसा चुकलेला नाही!

त्याच मापनांत सपाट जमिनीवर चालताना हा दाब वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि जिना उतरताना ३.५ पट आढळला. चढण्यापेक्षा उतरताना दाब अधिक, हे लक्षात घ्या. औंढा नागनाथाच्या मंदिरात गाभारा जमिनीखाली आहे आणि अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. तेथे वृद्ध माणसे उतरताना का कचरतात, याचे कारण या आकड्यात आहे. उतरताना स्नायू ब्रेकचे काम करतो. तो दुबळा असेल तर शरीर पायरीवर धाडकन आदळते.

शस्त्रक्रियेत काय बदलते?

झिजलेला सांधा बदलण्याची कल्पना जुनी आहे. १८९० साली बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा बसवून पाहिला होता. तो प्रयोग टिकला नाही. आजच्या पद्धतीचा पाया १९७४ साली न्यूयॉर्क येथे तयार झालेल्या गुडघ्याने घातला. जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत हे दोन शल्यविशारद आणि पीटर वॉकर हे अभियंते त्यामागे होते. यांतील डॉ. राणावत भारतीय वंशाचे. पुढे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. त्या काळी वर्तमानपत्रांतून या बातम्या ठळकपणे आल्या आणि गुडघा बदलता येतो हे घरोघरी कळले.

या शस्त्रक्रियेत झिजलेली कूर्चा आणि तिच्याखालचा हाडाचा पातळ थर कापून काढतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसवतात. नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसवतात आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची गादी ठेवतात. खडबडीत झालेले पृष्ठभाग जाऊन गुळगुळीत पृष्ठभाग येतात. हाडावर हाड घासण्याच्या वेदना थांबतात.

पण आपल्या तरफेकडे पुन्हा पाहा. शस्त्रक्रियेने बदलला तो टेकू. बल लावणारा स्नायू पूर्वीचाच राहिला! मोटेच्या विहिरीवरील चाक नवे बसवले, तरी मोट ओढायला बैल जुनेच, तसे हे आहे. बैल वर्षभर उपाशी असतील, तर नव्या चाकाचा काय उपयोग?

स्नायूला लागलेला ब्रेक

गुडघा दुखू लागला, की माणूस हालचाल कमी करतो. न वापरलेला स्नायू रोडावतो. स्नायू दुबळा झाला, की हालचाल आणखी कठीण होते. असे हे दुष्टचक्र शस्त्रक्रियेपूर्वी वर्षानुवर्षे चाललेले असते.

दुसरे एक कारण अधिक चमत्कारिक आहे. सांध्यात सूज आली, की तेथील मज्जातंतू मज्जारज्जूकडे संदेश पाठवतात आणि मज्जारज्जू मांडीच्या स्नायूला जाणारी आज्ञा आपोआप कमी करते. निरोगी माणसाच्या गुडघ्यात केवळ २० ते ३० मिलिलिटर निर्जंतुक खारे पाणी सोडले, तरी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू नीट आकसेनासा होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तेथे वेदना नाही, इजा नाही, तरी ब्रेक लागतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर "आजी जोर लावत नाहीत, आळस करतात" असे कोणी म्हणू नये. आजी जोर लावत असतात, पण आज्ञा स्नायूपर्यंत पुरी पोहोचतच नाही.

शस्त्रक्रियेनंतर हा ब्रेक किती जबर असतो? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एका महिन्यानंतर क्वाड्रिसेप्सची ताकद सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेली आढळली. त्या मानाने स्नायूची जाडी केवळ सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे स्नायू जागेवर होता, पण तो पुरता कामाला लागत नव्हता.

शिल्लक किती उरते?

आता आपल्या विषयाचा गाभा येतो. दोन आजींची कल्पना करा. पहिल्या आजींचा एक गुडघा शस्त्रक्रियेपूर्वी ७०० किलोग्रॅम-भार सेंटिमीटर इतके आघूर्ण निर्माण करू शकतो. दुसऱ्या आजीही तेथूनच सुरुवात करतात, पण काही आठवडे व्यायाम करून ते २० टक्क्यांनी वाढवतात. म्हणजे ८४०. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.) शस्त्रक्रियेनंतर दोघींची ताकद ६० टक्क्यांनी घटली असे समजू.

पहिल्या आजींकडे उरले २८०. दुसऱ्या आजींकडे उरले ३३६.

साध्या खुर्चीतून उठायला ५२० लागतात. तेवढे दोघींकडेही नाहीत. आता खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करू. बैठक उंचावली, की मांडी तिरपी होते आणि गुरुत्वमध्याचे गुडघ्यापासूनचे आडवे अंतर कमी होते. ते २० ऐवजी १२ सेंटिमीटर झाले असे धरा. लागणारे आघूर्ण २६ × १२ = ३१२.

पहिल्या आजींना ३१२ साठी २८० पुरत नाहीत. दुसऱ्या आजींना ३३६ पुरतात. दोघींमध्ये फरक फक्त ५६ चा आहे, पण एकीला उठवायला माणूस लागतो आणि दुसरी आपली आपण उठते. प्रत्यक्षात हाताचा आणि दुसऱ्या पायाचा आधार मिळतो, त्यामुळे हिशेब इतका काटेकोर नसतो. तरी तत्त्व तेच राहते. उठण्यासाठी ताकदीचा एक उंबरठा असतो. त्याच्या किंचित खाली असणे आणि किंचित वर असणे यांत रोजच्या जगण्याच्या दृष्टीने मोठे अंतर असते. पहाटे संडासला जायचे आहे आणि घरातील माणसे शेतावर गेली आहेत, अशा वेळी ते ५६ फार मोलाचे ठरतात.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यायाम करून गेलेले आणि न करता गेलेले, यांच्यातील फरक मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. पुढे काही महिन्यांनी, दोघांनीही शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम नियमित केले तर, तो बराचसा मिटतो, असे बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे. म्हणून पूर्वीचा व्यायाम हा नंतरच्या व्यायामाला पर्याय नव्हे. पण पहिले आठवडेच सर्वांत कठीण असतात. शिवाय ज्यांना व्यायाम आधीपासून अंगवळणी पडला आहे, त्यांना नंतर तो वेगळा शिकवावा लागत नाही. फिजिओथेरपिस्ट रोज घरी येईल अशी सोय नसलेल्या गावात हा फायदा लहान नाही.

या वयात ताकद वाढते का?

तालमीत जोर-बैठका काढणारा मल्ल हळूहळू संख्या वाढवत जातो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. या अनुभवाला वैद्यकात शिस्तशीर स्थान दिले ते थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना हलके व्यायाम देण्याची रीत होती. डेलॉर्म यांनी पायात लोखंडी बूट बांधून भार क्रमाक्रमाने वाढवला आणि मांडीची ताकद लवकर परत येते हे १९४५ साली दाखवून दिले.

पण ते सैनिक तरुण होते. वृद्धांचे काय? १९९० साली अमेरिकेत बोस्टन येथे सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा भार-व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ती पावणेतीन पट झाली! स्नायूला वयाचा दाखला लागत नाही, असेच म्हणावयास हवे. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा जाड होत नाही. मेंदू आणि मज्जातंतू त्यातील अधिक तंतू कामाला लावण्यास शिकतात. म्हणूनच सहा-आठ आठवडेही वाया जात नाहीत.

येथे एक शंका साहजिक आहे. स्नायू बळकट झाला, तर तो अधिक जोराने ओढून झिजलेल्या सांध्यावर जास्त दाब देणार नाही का? नाही. खुर्चीतून उठायला ५२० चे आघूर्ण लागते, ते स्नायू दुबळा असो वा बळकट, तेवढेच लागते. बळकट स्नायू ते काम आपल्या ताकदीच्या लहान हिश्शात करतो. शिवाय बसताना आणि उतरताना तो शरीर अलगद खाली आणतो. धाडकन आदळणे कमी होते. कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. दाबले जाणे आणि सैल होणे यांतूनच तिला द्रवामार्फत पोषण मिळते. बेताचा व्यायाम गुडघ्याचे दुखणे कमी करतो, असाच अनुभव आहे.

व्यायाम कोणते?

हे व्यायाम डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावयाचे आहेत. साधारणपणे पुढील व्यायाम सांगितले जातात.

पहिला : पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती पाच सेकंद दाबून धरावी.

दुसरा : उताणे निजून, एक पाय दुमडून, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा.

तिसरा : खुर्चीवर बसून पाय पुढे सरळ करावा. जमू लागल्यावर घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधावी व भार हळूहळू वाढवावा.

चौथा : उंच खुर्चीतून हळू उठावे व त्याहून हळू बसावे. जमेल तशी उशी कमी करावी.

प्रत्येक व्यायाम साधारण दहा वेळा करावा. श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब वाढतो. छातीत दुखले, चक्कर आली, गुडघा लाल व गरम झाला किंवा दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर थांबून डॉक्टरांना विचारावे.

तिसऱ्या आणि चौथ्या व्यायामाची तुलना मोठी मौजेची आहे. गुडघ्याखालच्या पायाचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य गुडघ्यापासून सुमारे २२ सेंटिमीटरवर असतो. पाय आडवा सरळ धरला, तर आघूर्ण सुमारे ८० होते. घोट्याशी, म्हणजे ३६ सेंटिमीटरवर, १ किलोची पिशवी बांधली, तर त्यात ३६ ची भर पडते. मग ५२० गाठायला किती भार बांधावा लागेल? (५२० − ८०) ÷ ३६, म्हणजे सुमारे १२ किलोग्रॅम! साध्या खुर्चीतून उठणे हा केवढा भारी व्यायाम आहे, ते यावरून कळते. म्हणूनच उशी आधी आणि साधी खुर्ची नंतर.

करून पाहा

अर्ध्या मीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. तिच्या एका टोकाला भोक पाडून ती भिंतीतील खिळ्यात अडकवा. खिळ्यापासून ४ सेंटिमीटरवर दोरा बांधून तो ताणकाट्याला जोडा आणि ताणकाटा सरळ वर ओढून पट्टी आडवी धरा. काट्यावरील वाचन टिपा. आता खिळ्यापासून ३६ सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचे वजन टांगा आणि पट्टी पुन्हा आडवी करा. वाचनात किती वाढ झाली? ३६ ÷ ४ = ९, म्हणून ती सुमारे ९०० ग्रॅम असावी. दोरा ८ सेंटिमीटरवर बांधून पुन्हा प्रयोग करा. वजन तेच ठेवून पट्टी तिरपी धरली, तर भाराचे आडवे अंतर किती उरते, तेही मोजा. उशीने आजींचे काम हलके का झाले, ते तुमच्या ध्यानात येईल.

आणि घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करताना रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मोठ्याने आकडे मोजा. खुर्ची भिंतीला टेकलेली आहे ना, ते पाहा. वहीत तारीख, वेळा आणि भार लिहून ठेवा. नवा गुडघा डॉक्टर बसवतील, पण त्यावर उभे राहण्याचा जोर आजींनाच साठवायचा आहे. त्या कामी तुमची वही आणि तुमची सोबत त्यांच्या उपयोगी पडेल.